वय वाढते तसे बुद्धी, शहाणपण आणि निर्मितीक्षमता यांचे काय होते?

मुद्रितशोधक (पुणे)

मी पुस्तकांची प्रुफे तपासण्याचे काम करतो आणि आता साठीला टेकलो आहे. वयानुसार माणसाच्या बुद्धीत होणारा फरक या व्यवसायात रोज कागदावर उमटतो, म्हणून हा विषय येथे मांडतो आहे.

मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवून ताडून पाहताना एक पूर्ण वाक्य मनात धरून नजर पलीकडे न्यावी लागते. पूर्वी तीन-तीन ओळींचे वाक्य सहज मनात राहत असे. आता दीड ओळ झाली की नजर पुन्हा मूळ प्रतीकडे वळते, आणि मध्येच कोणी हाक मारली तर सोडलेली जागा सापडायला वेळ लागतो. उलट, एखाद्या चरित्रात कोणा गृहस्थांचे निधन १९१९ साली झाल्याचे छापलेले असावे आणि पुढे तेच गृहस्थ १९२३ च्या अधिवेशनात भाषण करताना दिसावेत, ही चूक माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. आमच्याकडची तरुण मंडळी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने टिपतात, पण अशी चूक त्यांच्या हातून निसटते.

आता आमच्या मुद्रणालयात नवी संगणकप्रणाली येते आहे आणि तिच्या प्रशिक्षणाला पन्नाशीपुढच्या कोणालाही पाठवायचे नाही, असे ठरले आहे. ‘या वयात नवे डोक्यात शिरत नाही’ एवढेच कारण दिले गेले. मला वाईट वाटले, पण त्याहून अधिक हे जाणून घ्यावेसे वाटले की यात तथ्य किती. बुद्धी खरोखर उतरते का? उतरत असेल तर शहाणपण तिची भरपाई करते का, आणि ते वयाबरोबर आपोआप येते का? नवे काही निर्माण करण्याची शक्ती तरुणपणीच संपते का? जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी लिहावे.

शुक्रतारा

काका, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तुम्ही तुमच्या टेबलावर पाहिलेला फरक हा या विषयातल्या सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे.

रेमंड कॅटेल यांनी १९४० च्या दशकात असे मांडले की बुद्धी एकसंध नसून तिचे निदान दोन भाग वेगळे करावे लागतात. पूर्वी कधी न पाहिलेला प्रश्न सोडवणे, अनेक गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांचा संबंध लावणे, हे काम प्रवाही बुद्धीचे. शब्दसंपत्ती, सामान्य ज्ञान, व्यवसायातली जाण हे काम संचित बुद्धीचे. पुढे त्यांचे विद्यार्थी जॉन हॉर्न यांनी या मांडणीचा विस्तार केला. प्रवाही बुद्धीच्या कसोट्यांवरील गुण तारुण्यातच उतरणीला लागतात, तर संचित बुद्धीचे गुण पन्नाशी-साठीपर्यंत वाढत किंवा टिकून राहतात. दीड ओळीवर तुटणारे वाक्य पहिल्या प्रकारातले आहे आणि १९१९ व १९२३ यांची विसंगती पकडणे दुसऱ्या प्रकारातले.

तुमच्या व्यवसायाला जवळचा एक प्रयोग सांगते. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवा लागला की कळ दाबा, अशा साध्या कसोटीत ज्येष्ठ मंडळी मागे पडली. प्रत्यक्ष मजकूर टंकताना मात्र त्यांचा वेग तरुणांइतकाच होता. हे कसे, याचा शोध घेण्यासाठी पुढचा मजकूर किती अक्षरे दिसेनासा केला की वेग घटतो, हे मोजले गेले. तेव्हा असे आढळले की ज्येष्ठ टंकलेखकांची नजर तरुणांपेक्षा अधिक अक्षरे पुढे चाललेली असते. बोटांना उशीर होणार हे जणू ठाऊक असल्यासारखी नजर आधीच पुढे जाऊन तयारी करून ठेवते. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. कामानेच घडवलेले होते.

घाटमाथा

ताई, अभ्यास उत्तम आहेत, पण मी एका कारखान्यात माणसे नेमण्याचे काम करतो आणि माझा अनुभव वेगळा आहे. पंचविशीतला आणि साठीतला कामगार नव्या यंत्रापुढे शेजारी शेजारी उभे केले, तर तरुण चार दिवसांत शिकतो आणि दुसऱ्याला तीन आठवडे लागतात. मुद्रितशोधक काकांच्या मालकांनी कठोरपणा केला असेल, पण त्यामागे निरीक्षण आहे. आपण सगळे वडीलधाऱ्यांचा मान राखणाऱ्या घरांत वाढलो आहोत, म्हणून ही गोष्ट बोलायला कोणी धजावत नाही.

आकडेमोड (नागपूर)

घाटमाथा दादा, तुमच्या निरीक्षणाबद्दल शंका नाही, पण त्यातून काढलेल्या अर्थाबद्दल आहे. आज पंचवीस वर्षांचा माणूस आणि आज साठ वर्षांचा माणूस यांच्यात फक्त पस्तीस वर्षांच्या वयाचे अंतर नसते, तर शाळा, आहार, आजारपण आणि लहानपणी हाताळलेली उपकरणे यांचेही अंतर असते. ते सगळे आपण वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिअ‍ॅटल येथे सुरू केलेला अभ्यास याच कारणाने महत्त्वाचा ठरला. त्यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांची एकदाच परीक्षा घेऊन न थांबता दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासले, आणि दर खेपेस नव्या माणसांचीही भर घातली. एका दिवशी वेगवेगळ्या वयांची तुलना केली की उतार तिशीपासूनच तीव्र दिसतो; त्याच माणसाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला की बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकलेल्या दिसतात. वेगाचे मात्र तसे नाही, तो लवकर घटतो. सत्तरीनंतर, विशेषतः ऐंशीच्या पुढे, उतार खरा आणि व्यापक असतो. तोही सर्वांचा सारखा नसतो.

आपल्या देशात हा मुद्दा अमेरिकेपेक्षाही जास्त जोराने लागू होतो. १९६१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता सुमारे १५ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ६५ टक्के झाली. आजच्या आजी आणि नात यांना एकच कोडे घालून आजीची बुद्धी वयामुळे उतरली असे म्हणणे हा आजीवर अन्याय आहे. जे तिला कधी मिळालेच नाही, ते तिने गमावले कसे?

कांडी आणि जर (येवला)

आमचे घर पैठणी विणणाऱ्यांचे. वडील सत्तरीच्या पुढे आहेत. इथे जे चालले आहे ते मी आमच्या मागावर रोज पाहतो, म्हणून लिहितो.

पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला किंवा भरतकामाचा नसतो. तो विणतानाच घडतो. मोराच्या गळ्याचा निळा, पिसाऱ्यातला हिरवा, चोचीचा लाल असा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो आणि विणकर त्या त्या ठिकाणी तेवढ्याच ताण्याच्या तारांमधून ती कांडी हाताने फिरवतो. दोन रंग जिथे भेटतात तिथे बाणा, म्हणजे आडवा धागा, एकमेकांत नीट अडकवला नाही, तर फट पडते. उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. तार तुटला की तो शोधून, ओवून, बारीक गाठ मारावी लागते आणि ती गाठ बोटाला लागता कामा नये.

ही गाठ आता वडिलांकडून पूर्वीसारखी होत नाही. डोळ्यांचा भाग आहेच, पण नुसता चष्म्याचा प्रश्न नाही. एकाच वेळी दहा-बारा कांड्यांचा हिशेब मनात ठेवणे त्यांना जड जाते. ते काम आता माझा धाकटा भाऊ करतो. परंतु साडीच्या अंगाचा रंग ठरला की काठाला कोणती छटा लावायची, नारळी काठ शोभेल की दुसरा, जरीच्या पार्श्वभूमीवर कोणता हिरवा मरतो आणि कोणता उठतो, हे ते सुताच्या लडी खिडकीपाशी नेऊन एकमेकींवर ठेवून सांगतात. एकदा त्यांनी एक जांभळी लड बाजूला काढली. ती दुकानातल्या दिव्याखाली सुंदर दिसत होती. ते म्हणाले, ‘लग्न दिवसा आहे, उन्हात ही काळी पडेल.’ लड उन्हात नेल्यावर आम्हालाही ते दिसले.

गेल्या काही वर्षांत त्यांनी बांगडी मोराची स्वतःची मांडणीही बसवली. तरुणपणी ते ग्राहक सांगेल तसे विणत; स्वतःची रचना करायला त्यांना सवडच नव्हती. तेव्हा निर्मितीक्षमता म्हातारपणी आली की तिला वाव म्हातारपणी मिळाला, हे मला सांगता येणार नाही.

ठाय लय (मडगाव)

येवल्याच्या दादांनी फार नेमके लिहिले. त्यांच्या वडिलांनी जे केले त्याचे शास्त्रीय वर्णन पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन दांपत्याने केले आहे. करण्याच्या गोष्टी निवडून कमी करायच्या, निवडलेल्यांची मशागत वाढवायची आणि जे गेले त्याची अन्य मार्गाने भरपाई करायची. त्यांनी दिलेले उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे होते. उतारवयातही उत्तम वाजवता कसे येते, याचे उत्तर असे की रचना कमी वाजवायच्या, त्यांचा सराव अधिक करायचा, आणि द्रुत भागाच्या आधीचा भाग थोडा संथ घ्यायचा म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला जलद भासतो.

मी संवादिनी शिकवतो. बोटांची तयारी उतरते, हे उघड आहे. पण साथ करताना गायक कुठे श्वास घेणार, कुठे त्याला स्वर भरून हवा आहे आणि कुठे संवादिनीने गप्प राहायचे, हे मला चाळिशीनंतर हळूहळू उमगत गेले. आज माझ्या शिष्याची बोटे माझ्यापेक्षा चपळ आहेत, पण तो गरजेपेक्षा जास्त वाजवतो.

घाटमाथा

आकडेमोड यांचा पिढीच्या फरकाचा मुद्दा वजनदार आहे आणि तो मी लक्षात ठेवीन. पण वेग लवकर घटतो, हे त्यांनीही लिहिले आहे. काही कामांत वेग हाच जिवाचा प्रश्न असतो. आंतरराष्ट्रीय व्यापारी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना ६५ वर्षांची मर्यादा आहेच ना? तिथे कोणी अन्यायाची भाषा करत नाही.

शुक्रतारा

तिथे वयाच्या मर्यादेबरोबर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी आणि उड्डाणाची परीक्षाही असते. प्रत्यक्ष क्षमता मोजण्याची सोय असतानाची मर्यादा वेगळी आणि काहीच न मोजता पन्नाशीला रेषा ओढणे वेगळे.

बांधावरून (सातारा)

शहाणपणाबद्दल अजून कोणी फारसे लिहिले नाही. मी गावच्या तंटामुक्ती समितीवर होतो. राज्यात ही मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हा बहुतेक गावांनी समितीत वयस्कर मंडळींचा भरणा केला, कारण वय म्हणजे शहाणपण असे आपण धरूनच चालतो. माझे मत असे झाले की ही समजूत निम्मीच खरी आहे.

एका प्रकरणात दोन सख्खे भाऊ बांध कोरल्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते. समितीतील एक ज्येष्ठ गृहस्थ दोघांना एकोप्याचे महत्त्व सांगू लागले. प्रत्येक बैठकीत ते हेच सांगत. दोघे भाऊ मान खाली घालून ऐकत आणि बाहेर गेले की पुन्हा तेच. सरकारी मोजणी आणण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा समितीतल्या एका वृद्ध बाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, एवढेच विचारले की सामाईक विहिरीची पाणीपाळी सध्या कोणाकोणाची कधी असते. उत्तरातून कळले की थोरल्याची पाळी रात्रीच्या विजेत येते आणि हे अनेक हंगाम चालले आहे. धाकट्याने ते कधी मनावर घेतले नव्हते. बांध हा भांडणाचा विषय होता, पण त्याचे मूळ नव्हते. पाळ्या आलटून पालटून घ्यायचे ठरले आणि बांधाची मोजणी कोणी मागितली नाही.

ते गृहस्थ आणि त्या बाई जवळपास एकाच वयाचे होते. अनुभव दोघांकडेही होता. बाई विचारत असत आणि गृहस्थ सांगत असत.

शुक्रतारा

बांधावरून यांच्या निरीक्षणाला संशोधनाचा आधार आहे. बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस, उर्सुला स्टाउडिंगर आणि सहकाऱ्यांनी शहाणपण मोजण्याचा प्रयत्न केला. माणसांना अडचणीचे प्रसंग दिले जात. उदाहरणार्थ, पंधरा वर्षांची मुलगी लगेच लग्न करायचे म्हणते, तर कोणत्या गोष्टींचा विचार करावा? ‘मुळीच नाही, कायद्याने आणि नीतीने चूक’ असे एका दमात सांगणाऱ्याला कमी गुण मिळत. तिची परिस्थिती काय आहे, ती असाध्य आजारी आहे का, एकटी पडली आहे का, तिच्या समाजात काय रीत आहे, असे विचारणाऱ्याला अधिक. साधारण विशी ते पंचाहत्तरी या टप्प्यात वय वाढले म्हणून गुण वाढलेले दिसले नाहीत. स्वभावातील मोकळेपणा आणि माणसांच्या प्रश्नांशी आलेला संबंध यांचा प्रभाव अधिक दिसला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात गटागटांतील संघर्षांविषयी बोलताना ज्येष्ठ मंडळी दुसऱ्याची बाजू विचारात घेणे, तडजोड शोधणे आणि आपल्याला सर्व काही माहीत नाही हे मान्य करणे यांत तरुणांपेक्षा सरस ठरली. म्हणजे मोजण्याची पद्धत बदलली की चित्र बदलते. माझे स्वतःचे मत असे की वय शहाणपणाला संधी देते, हमी देत नाही.

पासबुक (ठाणे)

या चर्चेत एक काळजीचा विषय घालतो. मी बँकेतून निवृत्त झालो. अगरवाल, ड्रिस्कॉल, गॅबे आणि लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कर्जे आणि क्रेडिट कार्डे यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. अनावश्यक व्याज आणि दंड भरण्यासारख्या चुका सर्वांत कमी कोणत्या वयात होतात, हे त्यांनी पाहिले; ते वय सरासरीने ५३ च्या आसपास निघाले. तरुण अनुभवाअभावी चुकतात, वृद्ध आकलनाचा वेग घटल्याने चुकतात, आणि मध्ये दोन्ही गोष्टी पुरेशा असतात.

आता ‘डिजिटल अटके’च्या नावाने जे फसवणुकीचे फोन येतात, त्यांत उच्चशिक्षित, आयुष्यभर जबाबदारीची कामे केलेली ज्येष्ठ माणसेही सापडतात. लोक म्हणतात, एवढे शहाणे असून कसे फसले? फसवणारा त्यांना विचार करायला अवधीच देत नाही, हे त्याचे उत्तर आहे. संचित अनुभव कामाला यायला क्षणभर थांबावे लागते आणि तो क्षण हिरावून घेणे हाच त्या गुन्ह्याचा गाभा आहे. म्हणून घरातल्या प्रत्येकाने एक नियम पाळावा: पैशांविषयी कोणताही फोन आला तरी तो ठेवून द्यायचा, घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलायचे, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवायचे. भारतात कोणतीही यंत्रणा फोनवर कोणाला अटक करत नाही.

घाटमाथा

पासबुक काका, हा प्रतिसाद मी घरच्या गटावर पाठवला आहे.

समसंख्या (देवळाली)

मुद्रितशोधक काकांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. गणित हा तरुणांचा खेळ आहे, असे इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० साली लिहिले आणि तेव्हापासून ते वाक्य प्रत्येक वयस्क गणितप्रेमीच्या कानावर पडत आले आहे. हार्वे लेहमन यांनी १९५३ साली शास्त्र, साहित्य आणि कला यांतील महत्त्वाच्या कृती कोणत्या वयात झाल्या याचा मोठा आढावा घेतला, आणि बऱ्याच क्षेत्रांत तिशी-चाळिशीत शिखर दिसले. पुढे डीन सायमंटन यांनी त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली: जन्मापासूनच्या वयापेक्षा त्या क्षेत्रात पाऊल ठेवल्यापासूनचा काळ अधिक ठरवतो. उशिरा सुरुवात करणाऱ्याचे शिखरही उशिरा येते.

यितांग झांग यांचा जन्म १९५५ चा. अनेक वर्षे ते साध्या अध्यापनाच्या नोकरीत होते. २०१३ साली त्यांनी सिद्ध केले की ज्यांच्यातील अंतर सात कोटींपेक्षा कमी आहे, अशा लागोपाठच्या अविभाज्य संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. या प्रश्नावर त्यांच्या आधी कोणालाही कोणतीच निश्चित मर्यादा गाठता आली नव्हती.

आणि आमच्या देवळालीचे द. रा. कापरेकर! शाळामास्तर, कोणतीही पदव्युत्तर पदवी नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. हा शोध त्यांना चाळिशीत लागला. ते १९६२ साली निवृत्त झाले आणि त्यानंतरही संख्यांशी खेळत राहिले. १९७५ साली गणिती कोड्यांचे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते आणि जगाला त्यांची ओळख तेव्हा झाली.

पैलतीर

कापरेकर, झांग ही अपवादात्मक माणसे आहेत. त्यांची नावे सांगून सामान्य माणसाला धीर देणे मला पटत नाही. बालकवी अठ्ठाविसाव्या वर्षी गेले, गडकरी चौतिसाव्या. त्यांचे अमर लेखन त्या वयाच्या आतलेच आहे. उतारवयात तेवढ्या ताकदीचे लिहिणारे कवी किती दाखवता येतील?

समसंख्या

बालकवी आणि गडकरी अधिक जगले असते तर काय लिहिते, हे आपल्याला ठाऊक नाही. त्यांचे लेखन तरुणपणी संपले, ते आयुष्य संपले म्हणून. मात्र तुमच्या प्रश्नात एक सत्य आहे आणि ते असे की सगळी क्षेत्रे सारखी नाहीत. डेव्हिड गॅलेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने दोन प्रकारचे निर्माते मांडले आहेत. एकाला कल्पना लख्ख दिसते आणि तो ती मांडून मोकळा होतो; चित्रकार पिकासो त्याचे उदाहरण. दुसरा चाचपडत, खोडत, पुन्हा करत पुढे जातो आणि त्याचे उत्तम काम शेवटी येते, चित्रकार सेझान तसे. भावकविता पहिल्या प्रकाराला अधिक मानवत असावी.

दुसऱ्या टोकाला महामहोपाध्याय पां. वा. काणे आहेत. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते, पाचवा १९६२ साली पूर्ण झाला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. शेकडो ग्रंथांतील मते एकमेकांशी ताडून पाहण्याचे ते काम पंचविशीत कोणाला झेपले असते? त्यासाठी लागणारे भांडवलच त्या वयात साठलेले नसते.

मुद्रितशोधक (पुणे)

आणि त्या खंडांची प्रुफे! संस्कृत अवतरणे, रोमन लिप्यंतर, तळटिपा. त्या कामाला हात लावलेल्या, खिळे जुळवणाऱ्या प्रत्येक अनाम जुळाऱ्याविषयी मला आदर वाटतो.

रात्रपाळी (कोल्हापूर)

मी परिचारिका आहे. या धाग्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली नाही तर काही घरांचे नुकसान होईल, म्हणून लिहिते.

ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडकणे, चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, नवे शिकायला अधिक वेळ लागणे, हे वयाचे आहे. रोजच्या वाटेवर हरवणे, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे, आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रम चुकणे, स्वभाव पार बदलणे, हे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. डॉक्टरांना दाखवले पाहिजे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, चुकीची औषधे यांमुळेही विस्मरण होते आणि ते बऱ्याच अंशी सुधारते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे मांडले की स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांचा संबंध टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या चौदा कारणांशी आहे. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहेत, आणि कमी ऐकू येणेही आहे. आपल्याकडे चष्मा लावण्यात कोणाला संकोच नाही, पण श्रवणयंत्र लावायला माणसे तयार होत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून आजोबा बोलण्यातून मागे सरतात, घरचे मानतात की त्यांना आता समजत नाही, आणि मग खरोखरच कोणी त्यांना काही सांगेनासे होते. हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि दर वेळी मनाला लागते.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

बुद्धी तल्लख ठेवण्याचे खेळ विकणारी ॲप्स इथे फार आहेत, भारतातही आली असतील. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांना स्मरणाचे प्रशिक्षण दिले त्यांचे स्मरण सुधारले, ज्यांना तर्काचे दिले त्यांचा तर्क. एकाचा लाभ दुसऱ्याला फारसा झाला नाही. खेळ खेळलात तर तो खेळ चांगला येईल, एवढेच.

याउलट डेनिस पार्क यांचा २०१४ सालचा अभ्यास पाहा. साठीपुढच्या माणसांना तीन महिने गोधडीसारखे शिवणकाम किंवा डिजिटल छायाचित्रण शिकवले, तेही आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास. नुसत्या गप्पा आणि सहलींत रमलेल्या गटापेक्षा त्यांचे स्मरण सुधारलेले दिसले. छायाचित्रण शिकणाऱ्यांपैकी कित्येकांना संगणकही नवा होता. मुद्रितशोधक काका, तुमच्या मालकांना दाखवायचे असेल तर हेच दाखवा.

कांडी आणि जर (येवला)

रात्रपाळी ताई, वडिलांच्या कानांची तपासणी या आठवड्यात करून घेतो. ते हल्ली बैठकीत बोलत नाहीत आणि आम्ही वेगळाच अर्थ काढला होता.

मुद्रितशोधक (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्यवस्थापनाला मी लेखी विनंती केली आहे की प्रशिक्षणाला वयाची अट नसावी. शेवटी सर्वांची सारखीच कसोटी घ्यावी आणि जो उतरेल त्याला काम द्यावे. उत्तर आलेले नाही. मात्र एका तरुण सहकाऱ्याशी बोलून आम्ही कामाची वाटणी बदलली आहे. पहिले वाचन, म्हणजे अक्षर न् अक्षर ताडणे, त्याचे. शेवटचे वाचन, म्हणजे तारखा, नावे, संदर्भ आणि अर्थ, माझे. त्याने मला तीही रीत शिकवली, ज्यात संगणकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेऊन आपण फक्त प्रूफ पाहायचे. त्यामुळे दीड ओळीची अडचण पुष्कळ कमी झाली.

एकच प्रश्न उरतो. मला प्रशिक्षणाला पाठवलेच, तर शिकताना काय जपावे?

घाटमाथा

काका, सर्वांना एकच कसोटी, ही तुमची मागणी मला पूर्ण मान्य आहे, आणि कसोटीत वेगही असावा असे माझे मत कायम आहे. शिकण्याबद्दल आमच्या कारखान्यातले सांगतो. साठीतल्या त्या कामगाराला तीन आठवडे लागले, असे मी लिहिले होते. त्याच्या शेजारी तरुणांनाही बसवून, एकाच गतीने, पडद्यावर दाखवत शिकवले होते. नंतरच्या तुकडीला आमच्या प्रशिक्षकाने यंत्र प्रत्येकाच्या हातात दिले, एका दिवशी एकच क्रिया शिकवली आणि जुन्या यंत्रावर तीच क्रिया कशी होत असे ते त्यांच्याकडूनच आधी बोलून घेतले. त्या तुकडीतले ज्येष्ठ तरुणांच्या मागेच राहिले, पण तीन आठवडे कोणालाच लागले नाहीत. तुम्ही प्रशिक्षकाकडे तेवढेच मागा: सरावाला नमुन्याचा मजकूर न देता तुम्ही स्वतः तपासलेल्या एखाद्या पुस्तकाची जुनी प्रुफे द्यावीत, आणि पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नये.